दंडाच्या आतला रंग

परवा औषधाच्या दुकानात एक मुलगा आला. पंचविशीचा असेल, पाठीवर घरपोच डिलिव्हरीची चौकोनी बॅग. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं, पट्ट्याखालची फिकट पट्टी दुकानदारापुढे धरली आणि म्हणाला, ''सगळा हात असा करायचाय. रविवारी हळद आहे.'' वार गुरुवार होता. दुकानदारानं काही विचारलं नाही. मागच्या फळीवरून एक छोटी ट्यूब काढली, ''रात्री लाव'' म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मुलगा खूश होऊन गेला. ती ट्यूब कसली होती ते ओळखीचं होतं, त्याबद्दल पुढे येईलच. पण त्याहून जास्त खटकत राहिलं ते दोघांचं एकमत: हातावर चढलेला काळेपणा म्हणजे वरून बसलेला काहीतरी थर आहे, आणि नेमकी वस्तू मिळाली की तो चार दिवसांत निघतो.

तसं काही नसतं. तासभर उन्हात काढून आल्यावर आरशात जो काळपटपणा दिसतो, तो बराचसा कातडीत आधीपासून असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा रंग गडद झाल्यामुळे. तो काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो. खरं रापणं त्याच्या मागून येतं. ऊन लागल्यावर रंग बनवणाऱ्या पेशी नवं मेलॅनिन तयार करू लागतात आणि आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. त्या पेशी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखं धरतात, आतला डीएनए वाचावा म्हणून. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून शनिवारी अलिबागच्या किनाऱ्यावर हुंदडून आलेल्या माणसाला ''काय रे, किती काळा झालास'' हे मंगळवारी ऑफिसात ऐकावं लागतं. आणि चढलेला हा रंग पुसून जात नाही. तो ज्या पेशींत आहे त्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि गळून पडतात, तेव्हाच तो जातो. तरुण माणसात तळाच्या पेशीला वर येऊन गळायला साधारण चार आठवडे लागतात, पन्नाशीच्या पुढे याहून बरेच जास्त. एका सहलीचा रंग उतरायला महिना-दोन महिने धरावेत. पाच वर्षं बाह्या दुमडून बाइक चालवणाऱ्याच्या हाताला सहा महिने, कधी त्याहून अधिक, आणि तेही त्या काळात नवं ऊन थांबलं तर. मे महिन्यातल्या लग्नासाठी बाह्या दिवाळीनंतर लगेच खाली करायला हव्यात.

रंग किती उतरेल याचं मापही अंगावरच असतं. दंडाची आतली, काखेकडची बाजू खिडकीतल्या उजेडात धरून पाहावी. तो आपला मूळ रंग. चेहरा आणि हात फार तर तिथपर्यंत येतील, तेही अगदी तंतोतंत नाही, कारण दंडाची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जन्मतःच थोडी गडद असणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. जे औषध, जो फेशियल, जी क्रीम त्याच्याही खाली नेण्याचं वचन देते, तिचा रापण्याशी संबंध उरत नाही. तो धंदाच वेगळा.

आणि या धंद्याला गिऱ्हाईक कमी नाही. 'गव्हाळ', 'निमगोरी', 'उजळ' अशा पायऱ्या लग्नाच्या जाहिरातींत पिढ्यानपिढ्या छापून येताहेत. हरिश्चंद्रगडावरून रापून आलेला ट्रेकर फोटो मिरवतो. ऊसतोडीहून परतलेल्या बाईला मात्र कुणी ''छान रापलीस'' म्हणत नाही. तेव्हा रापलेल्या कातडीची काळजी घेणं म्हणजे गोरेपणाच्या मागे लागणं का, असा प्रश्न पडतो, आणि त्याला सरळ उत्तर नाही. ज्या उन्हानं रंग चढतो त्याच उन्हानं कातडीचा ताण सुटतो, बारीक सुरकुत्या येतात, ओठांच्या वर आणि गालांवर वांग उमटतो. रंगाचं काहीही वाटो, कातडीला जपणं हे तेच काम आहे. फक्त हेतू कोणता यावर माणूस औषधाच्या दुकानात काय मागतो ते ठरतं.

जपण्याची सुरुवात घड्याळापासून. आपण ऊन उकाड्यावरून मोजतो, आणि तिथेच घोटाळा होतो. मे महिन्यात सगळ्यात जास्त तापतं ते दुपारी अडीच-तीननंतर. पण अतिनील किरण सगळ्यात तीव्र असतात ते सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे मुंबईत १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास आणि नागपुरात १२ वाजून १० मिनिटांच्या. ''ऊन तापायच्या आत बँकेचं काम उरकू'' म्हणून साडेअकराला निघालेला माणूस साडेचारला निघालेल्यापेक्षा कितीतरी जास्त रापून येतो. यंत्र नको, ॲप नको. जमिनीवरची सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन रापवणारं. पुण्यात १३ मेच्या, मुंबईत १५ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या आसपास भरदुपारी सावली पायाखालीच जाते. शाळांतून मुलांना अंगणात उभं करून तो शून्य सावली दिवस कौतुकानं दाखवतात. बघावा जरूर, पण टोपी घालून. पुण्या-मुंबईवर सूर्य असाच पुन्हा येतो जुलैच्या उत्तरार्धात, पण तेव्हा वर ढग असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पातळ ढगांतून बहुतांश अतिनील किरण खाली येतातच. आषाढी वारीहून परतलेल्या माणसांचे चेहरे पाहिले तर हे वेगळं सांगावं लागत नाही. महाबळेश्वरची थंड हवाही अशीच फसवी: दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि गार वाऱ्यात चटका जाणवत नाही.

काचेचंही तसंच. साध्या काचेतून भाजणारे, लाल करणारे यूव्हीबी किरण जवळपास अडतात. रंग चढवणारे आणि कातडी सैल करणारे यूव्हीए मात्र बरेचसे आत येतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, ती यूव्हीएही अडवते. बाजूच्या काचेचा भरवसा नाही. म्हणून रोज गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा गडद असतो. घरात खिडकीला टेबल लावून काम करणाऱ्यांनी ते हातभर आत ओढलं किंवा पडदा लावला तरी पुष्कळ झालं. हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असेल तर ती दोन्ही किरण अडवते, पण ती खाली ओढली तर. सिग्नलला वर केलेली काच पुढच्या तीन चौकांत वरच राहते.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कापड, आणि या बाबतीत महाराष्ट्रातल्या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. पुण्यात स्कूटीवरून जाणाऱ्या मुलीचा डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये असतो, अंगात सनकोट, हातात दंडापर्यंतचे मोजे. बाहेरगावचे लोक हसतात. हसू द्यावं. विदर्भात कापूस वेचणाऱ्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालतात, तो पऱ्हाटीच्या ओरखड्यांसाठी असतो तसा उन्हासाठीही. प्रश्न फक्त कापड कोणतं याचा आहे. ते उजेडासमोर धरावं. पलीकडचा बल्ब स्पष्ट दिसत असेल तर ऊनही तितक्याच सहज आत येणार. पातळ पांढरा सुती कपडा गार वाटतो, पण ऊन अडवण्यात कच्चा. घामानं भिजला की आणखी कच्चा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा चांगला, आणि डेनिम तर बहुतेक सगळं ऊन अडवतं. स्कार्फ पातळ असेल तर दुहेरी घडी करून बांधावा. तो रोज धुवावा, कारण घाम, धूळ आणि घर्षण एकत्र आलं की हनुवटीवर पुळ्या येतात, आणि सावळ्या कातडीवर पुळी गेल्यानंतर उरणारा डाग रापण्यापेक्षा चिवट. मुलगे कापडाच्या बाबतीत हट्टानं आळशी. टोपी घातली तरी क्रिकेटची, म्हणजे कान आणि मान उघडीच. तीन इंच काठाची गोल टोपी किंवा मानेवरून घेतलेला पंचा याला तोड नाही.

कापड पोचत नाही तिथे सनस्क्रीन. इथली गफलत एकच आहे आणि ती सार्वत्रिक आहे: आपण फार थोडं लावतो. डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे ऊन किती अडतं त्याचा, आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान मिळून हे प्रमाण सव्वा ग्रॅमच्या आसपास जातं; तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा म्हणजे साधारण तेवढं. दिवसातून एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपायला हवी. दोघांच्या घरात ती सहा महिने पुरत असेल, तर ५० एसपीएफचे पैसे मोजून ५-१० एसपीएफसुद्धा अंगाला लागत नाही. महागडं थोडं लावण्यापेक्षा परवडणारं भरपूर लावावं, असं माझं ठाम मत आहे. आकडा ३० चालतो. ३० यूव्हीबीचे साधारण ९७ टक्के अडवतं, ५० अठ्ठ्याण्णव. यूव्हीएसाठी डब्यावर छापलेल्या 'पीए' या अक्षरांच्या पुढे किमान तीन अधिकची चिन्हं असावीत. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावावं, आधी लावलेलं मॉइश्चरायझर मुरल्यावर. कान, मानेची मागची बाजू, गळ्याचा त्रिकोण, पायांवरची चपलेच्या पट्ट्यांमधली जागा आणि हातांची वरची बाजू या हमखास विसरायच्या जागा. हँडल धरताना बोटांचे सांधे सरळ आभाळाकडे असतात, आणि तेच आधी काळवंडतात. उन्हातच काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं. रुमालानं चेहरा खसखसून पुसला की त्याबरोबर सनस्क्रीनही गेलं. घाम टिपावा, पुसू नये.

झिंक ऑक्साइडवाली सनस्क्रीन गव्हाळ चेहऱ्यावर राखाडी दिसते, मग लोक ती वाटाण्याएवढी लावतात आणि काहीच उपयोग होत नाही. अशांनी रंग असलेली सनस्क्रीन घ्यावी. तिच्यातलं आयर्न ऑक्साइड कातडीच्या रंगात मिसळतं आणि शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं. आपल्यासारख्या कातडीत नुसत्या दृश्य प्रकाशानंही रंग चढतो, म्हणून वांग असलेल्यांना तर डॉक्टर हीच देतात. मुंबईच्या दमट हवेत जेल बरं, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात क्रीम. दोन बारीक गोष्टी कुणी सांगत नाही. स्कूटरच्या डिकीत ट्यूब ठेवू नये, तिथल्या उष्णतेनं आतली क्रीम फाटते आणि निकामी होते. आणि बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ॲव्होबेन्झोन हा ऊन अडवणारा घटक असलेल्या सनस्क्रीनचे डाग पांढऱ्या कॉलरवर धुतल्यानंतर गंजासारखे तांबूस उमटतात. साबणाला दोष देऊन उपयोग नाही. लावल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच शर्ट चढवावा.

संध्याकाळचं काम थोडकं. उन्हातून आल्या आल्या कातडी तापलेली, लालसर असेल तर दहा-पंधरा मिनिटं गार पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवावं. बर्फ थेट फिरवू नये. मग सौम्य साबण किंवा फेसवॉश, आणि अंग किंचित ओलं असतानाच मॉइश्चरायझर. कोरडी कातडी आहे त्याहून काळपट आणि राखाडी दिसते. निव्वळ नीट मॉइश्चरायझर लावल्यानं हाताचा रंग आठवड्यात उजळल्यासारखा वाटतो तो यामुळेच. रंग लवकर उतरावा म्हणून काही लावायचंच तर चेहऱ्याला ४-५ टक्के नायसिनमाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) रोज चालतं, सोसतंही बहुतेकांना. हातापायांची कातडी जाड, तिथे १० टक्के युरियाचं किंवा लॅक्टिक आम्लाचं लोशन आठवड्यातून दोन-तीन रात्री. आम्लाचं काहीही लावत असाल तर दुसऱ्या दिवशी ऊन जास्त बोचतं, म्हणून सनस्क्रीन लावायचा कंटाळा असलेल्यांनी आम्लाच्या वाटेला जाऊ नये. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या, पावडरी आणि सलाइनमधून दिलं जाणारं ग्लुटाथिऑन यांवर इथे वाक्य खर्च करण्यात अर्थ नाही.

स्वयंपाकघराकडे वळलं की सगळ्यांचे आवाज चढतात. आजीचं उटणं, आईचं डाळीचं पीठ, मावशीचं लिंबू. यांतलं दही निरुपद्रवी आहे. त्यात लॅक्टिक आम्ल थोडं असतं, ओलावाही मिळतो, दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुवावं. डाळीच्या पिठात किंवा मसुराच्या पिठातही वाईट काही नाही, वाईट आहे ते वाळल्यावर खरवडून काढणं. पाण्याचा हबका मारून ओलं करावं आणि अलगद सोडवावं. कोरफडीचं पान कापलं की उभं धरून पंधरा मिनिटं पिवळा चीक गळू द्यावा, त्या चिकानं खाज सुटते. मग आतला गर. लिंबू मात्र नाही, साखर घालून चोळलेलं तर नाहीच. त्याचा रस कातडीच्या मानानं फारच आंबट, आणि सालीत व रसात अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने टिकणारे तपकिरी ओघळ राहतात. सुट्टीत अंगणात लिंबू सरबत करणाऱ्या मुलांच्या हातांवर असे ओघळ दिसतात, आणि पालकांना ते कशाचे ते कळत नाही. खायचा सोडा आणि टूथपेस्ट यांचं नावही नको.

पार्लरमधल्या ब्लीचचं कोडं सोपं आहे. ते चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी करतं, त्यामुळे चेहरा उजळ भासतो; कातडीतला रंग तिथेच असतो. लग्नाच्या दिवसापुरतं चालत असेल, पण करायचंच तर चार-पाच दिवस आधी आणि आधी कानामागे लावून पाहून. आदल्या दिवशी केलं आणि चेहरा लाल झाला तर हळदीला काही झाकता येत नाही.

आता घासणं. आपल्याकडे काळं म्हणजे मळकं असा समज इतका मुरलेला आहे की रापलेल्या भागावर हात आपोआप जोरात चालतो. नायलॉनची जाळी, खरखरीत घासणी, काही घरांत चक्क दगड. सावळी कातडी घर्षणाला उत्तर देते ते आणखी मेलॅनिन बनवून. खांद्याच्या हाडावर, पाठीच्या मधोमध, कोपरापासून मनगटापर्यंत लहरींसारखा तपकिरी पट्टा दिसला की त्वचारोगतज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतात, अंघोळीला काय वापरता. घासणी टाकून दिली, तर तोही रंग काही महिन्यांत फिका पडू लागतो. वजरी टाचेसाठी ठेवावी. मानेसाठी, गुडघ्यासाठी, हातासाठी तळहात पुरे.

त्या छोट्या ट्यूबेकडे यायला हवं. तिच्यात बहुधा तीन औषधं एकत्र असतात: रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, कातडी सोलवणारं ट्रेटिनॉइन आणि दाह उतरवणारं एक स्टेरॉइड. वांगासाठी डॉक्टर ती मोजक्या आठवड्यांपुरती, नजरेखाली देतात. दुकानातून मात्र ती गोरं करायची क्रीम म्हणून हातोहात जाते. पहिले पंधरा दिवस चेहरा खरंच खुलतो, आणि हीच तिची अडचण. मग कातडी पातळ होते, लालसर होते, पुळ्या येतात, गालांवर केस दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते. थांबवलं तर आग आणखी वाढते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं तर गालाच्या हाडांवर निळसर काळे ठिपके बसतात, ते निघता निघत नाहीत. डब्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतल्या कोणत्याही स्टेरॉइडचं नाव दिसलं तर ते रापण्यावरचं औषध नाही. ज्या डबीवर घटकच छापलेले नाहीत ती त्याहून वाईट. तिच्यात पारा असू शकतो, आणि पाऱ्याचा मार मूत्रपिंडावर बसतो.

शेवटी, काळं दिसणारं सगळंच उन्हाचं नसतं. मानेच्या मागे, काखेत मखमली, जाडसर काळेपणा असेल तर तो इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते; घासण्याआधी रक्तातली साखर आणि वजन पाहावं. कपाळावर आणि कानशिलांपाशी पसरत चाललेला राखाडी रंग केसांच्या डायनं किंवा सुगंधी तेलानं आलेला असू शकतो. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली उन्हात वाढते आणि सोबत सांधे दुखतात, तर वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतानाही कातडी एरवीपेक्षा लवकर भाजते. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना चेहऱ्याला आतापर्यंत जे जे लावलं ते सगळं एका पिशवीत घालून न्यावं: ट्यूबा, पार्लरवालीनं दिलेली बिननावाची डबी, चालू गोळ्यांची पाकिटंही. आणि त्या दिवशी पावडर न लावता जावं.